प्रत आहे, परत येत नाही

३ जून

प्रिय बंधुराजांस,

फोनवर तिसऱ्या मिनिटाला आपलं भांडण होतं आणि पाचव्या मिनिटाला तू फोन ठेवतोस. म्हणून आईने तोडगा काढला आहे की बोलायचं असेल तर पत्राने बोला. पत्र मध्येच तोडता येत नाही, असं तिचं म्हणणं. मुलगा तिचाच असून तिला तू अजून कळलेला नाहीस.

तर कामाचं. आमच्या रक्तपेढीच्या नोंदणी विभागात, जिथे मी एकोणीस वर्षं खुर्ची झिजवते आहे, तिथल्या संगणकात एकसष्ट हजार रक्तदात्यांची यादी आहे. नाव, फोन, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं, आजार कोणते. त्या यादीची रोज दुपारी दोन वाजता प्रत काढून ठेवणारा प्रोग्राम तुमच्या कंपनीचा. अकरा वर्षांपूर्वी तूच बसवून दिलास आणि "ताई, आता तू निश्चिंत" म्हणालास. मी तेव्हापासून निश्चिंत आहे. दोन वाजता पडद्यावर हिरवी टिकली येते, ती बघते आणि डबा उघडते.

काल टिकलीसोबत एक चौकोन आला. आमचं अभिनंदन केलं होतं, कारण आमचा बॅकअप म्हणे आता अधिक चांगला झाला आहे. पुढे लिहिलं होतं की काही जुन्या डेटाबेस व्हर्जनचा आधार थांबवण्यात आला आहे. आमचा डेटाबेस जुना आहे हे मला माहीत आहे. माझ्या खुर्चीएवढाच. मग आमचं चांगलं झालं की आम्ही थांबलो? हे दोन्ही एकाच चौकोनात कसं बसतं, ते या अडाणी बहिणीला समजावून सांगशील का?

आईच्या गुडघ्याची चौकशी तू केली नाहीस, तरी सांगते. बरा आहे.

तुझी ताई


११ जून

ताईस नमस्कार,

अडाणी म्हणवून घेणाऱ्या माणसांची मला फार भीती वाटते. ती हमखास परीक्षा घेत असतात.

तुझ्या डब्याच्या वेळेत समजेल असं सांगतो. घर बदलायचं असेल तर दोन रीती आहेत. एक म्हणजे खोल्या आहेत तशा उचलायच्या, कपाटातली चादरसुद्धा हलू द्यायची नाही. काम झटपट होतं, पण ती खोली तशाच घरात बसते. नव्या घराची दारं वेगळ्या मापाची असली की बाहेरच राहते. दुसरी रीत म्हणजे एकेक वस्तू यादी करून खोक्यात भरायची. वेळ लागतो, पण खोकं कुठल्याही घरात उघडतं. डेटाबेसच्या प्रतीचंही असंच. तुमची प्रत पहिल्या रीतीची आहे. ती उघडायला ज्या व्हर्जनने काढली तेच व्हर्जन लागतं. निदान त्या व्हर्जनची भाषा कळणारा दुभाष्या लागतो. आमच्या प्रोग्राममध्ये नऊ जुन्या व्हर्जनचे नऊ दुभाषे होते. त्यातले सहा आता काढले. वरच्या लोकांनी ठरवलं. जुनी व्हर्जन वापरतो कोण, असा प्रश्न बैठकीत आला. रक्तपेढीतली माझी बहीण, असं काही कुणी म्हणालं नाही.

एकजण मात्र अडून बसला होता. ऑफिसात त्याला सगळे पुराणपुरुष म्हणायचे. बत्तीस वर्षं नोकरी, नऊ जुनी मशीन एका रांगेत मांडलेली, आणि नवं काही बनवलं की म्हणणार, "आधी या नऊजणांना विचारू." माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक कामाला तीन आठवडे जास्त. मार्चमध्ये तो स्वतःहून निवृत्त झाला. मशीन भंगारात गेली.

तू एवढंच कर: तुमच्या वरिष्ठांना सांगून नवा डेटाबेस घ्या. त्याआधी एक प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघ. प्रत काढणं म्हणजे अर्धंच काम. हे तुला सांगायची गरज नसेल.

आईला नमस्कार. गुडघ्याची चौकशी तिच्याकडेच करीन म्हणतो, मधल्या दलालाशिवाय.

तुझा भाऊ


२० जून

चि. बंधुराज,

खोल्या, चादरी, दुभाषे सगळं समजलं. इतकं चांगलं समजावतोस, तर माणसांशी बोलताना कुठे जातं रे हे?

आमच्या वैद्यकीय अधिकारी बाईंनी नवं मशीन मंजूर केलं. मी एकोणीस वर्षांत काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना वाटलं मी आजारी आहे. २४ तारखेला तंत्रज्ञ येईल, नवा डेटाबेस बसवेल आणि जुनं मशीन घेऊन जाईल. तू म्हणालास तशी प्रत उघडून बघितली. उत्तम आहे. तेव्हा तुझं काळजी करण्याचं नाटक आता पुरे.

पुराणपुरुषांबद्दल लिहिलंस ते वाचून एक विचारावंसं वाटलं. बत्तीस वर्षं जो माणूस प्रत्येक गोष्ट तीन आठवडे उशिरा करतो, तो निवृत्त व्हायची घाई कशी करतो?

ताई


२९ जून

भाऊ,

परवा फोनवर कामापुरतं बोललो. तू "बघतो" म्हणालास. बाकीचं तेव्हा सांगता आलं नाही, ते इथे लिहिते.

२० तारखेला मी तुला खोटं लिहिलं. प्रत उघडून बघितली नव्हती. फाइल जागेवर आहे, आकार मोठा आहे, टिकली हिरवी आहे, एवढं बघितलं आणि झालं म्हटलं. उघडायची कशी हे मला माहीत नव्हतं, आणि तुला विचारायचं म्हणजे तुझं ते "हे तुला सांगायची गरज नसेल" पुन्हा ऐकायचं. २४ ला तंत्रज्ञाने कागद पुढे केला. "प्रत तपासली आहे" या वाक्याखाली मी सही केली. त्याने जुनं मशीन पुसून कोरं केलं आणि घेऊन गेला. नव्या मशीनवर प्रत उघडायला गेलो, तर तुमचा प्रोग्राम म्हणाला: "ही प्रत आपण हाताळत नाही असे दिसते." मोठा सभ्य प्रोग्राम आहे. रोज दोन वाजता हाताळत होता, तेव्हा काही दिसलं नाही त्याला.

आता ऐक. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एक बाई आहेत, एकेचाळीस वर्षांच्या. १८ जुलैला त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. त्यांचा रक्तगट लाखात एखाद्याचा असतो तसला. दुसरं कुठलंही रक्त त्यांना चालत नाही. आमच्या यादीत त्या गटाचे चार दाते आहेत. होते. दुसऱ्या पेढ्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या की अशी माणसं लागली की आम्हीच तुमच्याकडे विचारतो. तपासण्या धरून रक्त १२ तारखेपर्यंत हातात हवं. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान हलवली, होकारार्थी नव्हे.

बाई काल स्वतः आल्या होत्या, कागद द्यायला. यादी सापडत नाहीये हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. माझ्या टेबलावरचं पेन खाली पडलं, ते उचलायला वाकल्या आणि तेवढ्याने त्यांना धाप लागली. मी त्यांना पाणी दिलं आणि तुझ्या कंपनीचं अभिनंदन आठवलं.

मला रागाव, पण आधी काहीतरी कर.

ताई


४ जुलै

ताई,

रागावण्याचा हक्क माझ्याकडे नाही, हे पुढे कळेलच.

ते सभ्य वाक्य मी लिहिलं आहे. दुभाषे काढायचा निर्णय वरच्या लोकांचा नव्हता, माझाच. प्रोग्राम हलका झाला, चाचण्या तीन आठवड्यांवरून चार दिवसांवर आल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्यात मी मूर्खपणा असा केला की जुन्या प्रती उघडणं बंद केलं, पण काढणं चालूच ठेवलं. काढायला दुभाष्या लागत नाही ना, खोली नुसती उचलायची असते. टिकलीला एवढंच माहीत होतं की खोली उचलली. ती पुन्हा कुठे बसेल का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तुझ्यासारखे आणखी किती लोक रोज हिरवी टिकली बघून डबा उघडत असतील, हे चार दिवसांपूर्वीपर्यंत माझ्या डोक्यातही नव्हतं.

जुनं, दुभाष्यांसकट असलेलं आमचं व्हर्जन शोधायला गेलो. कंपनीच्या कोठारातून पुसलेलं होतं. पुसण्याच्या अर्जावर सही कुणाची ते विचारू नकोस. शेवटी एकच माणूस उरला.

पुराणपुरुष तिसऱ्या मजल्यावर राहतात, जिन्याला कठडा एकाच बाजूला. दार त्यांनीच उघडलं. मी बाहेर उभा राहूनच बोलायला सुरुवात केली. रक्तपेढी, बहीण, बाई, १२ तारीख, सगळं एका दमात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कुठलं व्हर्जन?"

मी सांगितलं.

"अक्षरं कुठल्या पद्धतीची?"

हे मला माहीत नव्हतं. ते "बरं" म्हणाले आणि आत गेले. मी दारातच. आत एक लोखंडी कपाट आहे, त्यात आमच्या प्रोग्रामचं प्रत्येक व्हर्जन, पहिल्यापासून, तबकड्यांवर, प्रत्येकीवर पेन्सिलने तारीख. खाली जुने डेटाबेस, तेही. घरी कशाला ठेवलं, असं विचारलं, तर म्हणाले, "ऑफिसात ठेवलं असतं तर भंगारात गेलं असतं. तिथे हल्ली फार स्वच्छता असते."

सोमवारी तुझ्याकडे येतील. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. अट एक घातली आहे, कळफलकावर बोटं तुझी हवीत. ते फक्त सांगणार.

भाऊ


१० जुलै

चि. बंधुराज,

तुमचे पुराणपुरुष सोमवारी नऊला यायचे होते, आले आठ वाजून पन्नास मिनिटांनी. त्यांना मी काका म्हणते. तुम्ही बत्तीस वर्षांत ठेवलेलं नाव त्यांना पाठ आहे, हे तुला सांगून ठेवते.

अडगळीतलं एक मशीन काढलं. त्यावर जुना डेटाबेस, त्यावर तुमचा जुना प्रोग्राम. मग प्रत. मी विचारलं की तुम्हीच का करत नाही, पटकन होईल. म्हणाले, "मी केलं तर पुढच्या वेळी पुन्हा मला शोधावं लागेल." चार वाजता प्रत उघडली. मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले, दुसरं काही सुचेना. काका म्हणाले, आता नव्यात जायचं, पण उडी मारायची नाही, पायरीपायरीने. जुन्यातून मधल्यात, मधल्यातून नव्यात, आणि प्रत्येक पायरीवर नोंदी मोजायच्या. एकसष्ट हजार दोनशे नऊ. दोन्ही पायऱ्यांवर तेवढ्याच.

फक्त नावं गेली. जिथे नाव तिथे प्रश्नचिन्हं, ओळीने, जशी काही यादीच आम्हाला विचारत होती. अक्षरांची जुनी पद्धत नव्याला कळली नाही, आणि अडगळीतल्या मशीनवर तो जुना फॉन्ट नसल्याने तिथेही नावांच्या जागी नुसत्या रेघोट्या दिसत होत्या. काकांनी ओळखीचं कोणी भेटावं तसं त्याकडे बघितलं. दुरुस्त होईल, पण आठ दिवस लागतील, म्हणाले. आकडे मात्र शाबूत होते, म्हणजे फोन आणि तारखा. रक्तगटही होते, कारण ते इंग्रजी अक्षरांत असतात.

तेव्हा मंगळवारी सकाळी मी चार अनोळखी माणसांना त्यांचं नाव माहीत नसताना फोन केले. पहिला नंबर बंद. दुसरा आता एका फर्निचरच्या दुकानाचा आहे, त्यांनी मला सोफा घ्यायचा आहे का विचारलं. तिसरे गृहस्थ खरे दाते निघाले, पण गेल्या वर्षी कावीळ होऊन गेलेली, त्यांचं घेता येत नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. चौथा फोन एका बाईंनी उचलला, मागे शिवणयंत्राचा आवाज.

"रक्तपेढीतून बोलते," मी म्हटलं. "तुमची गरज आहे."

"माझी म्हणजे कुणाची? नाव सांगा ना."

"नाव आमच्याकडून हरवलं. तुमचा रक्तगट तेवढा राहिला आहे."

यंत्र थांबलं. मला वाटलं फोन ठेवणार. त्यांनी विचारलं, "कधी यायचं?"

काल आल्या. ब्लाउजचं काम अर्धं टाकून, बोटाला अंगुस्तान तसंच. रक्त घेतलं, तपासलं, चालतं आहे. दुसरी पिशवी पुढच्या राज्यातल्या पेढीच्या गोठवलेल्या साठ्यातून मिळते आहे. पुरेल, असं डॉक्टर म्हणतात.

आता तुझं. काम संपल्यावर मी काकांना विचारलं, अशी अचानक निवृत्ती का घेतलीत? ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "तुमच्या भावाची भाषा चांगली आहे. मला काढायचं पत्र त्याने दोन ओळींत बसवलं. एक शब्द जास्त नाही." तक्रार नव्हती. खरंच भाषेचं कौतुक करत होते, आणि तेच मला ऐकवेना.

स्वतःहून निवृत्त झाला, असं तू मला लिहिलं होतंस. मी पण तुला खोटं लिहिलं, तेव्हा सोवळी मीही नाही. पण मी माझं नऊ दिवसांत कबूल केलं आणि निस्तरायला धावले. तू मार्चपासून काय करत होतास?

ताई


१७ जुलै

ताई,

मार्चपासून मी स्वतःला हुशार समजत होतो. पूर्ण वेळेचं काम आहे ते.

पत्रात मी लिहिलं होतं की जुन्या व्हर्जनांवर वेळ घालवणाऱ्या सहकाऱ्याची विभागाला यापुढे गरज नाही. ते माझ्यासमोर बसून वाचलं त्यांनी. मग माझ्याकडचंच पेन मागितलं, पोच म्हणून सही केली आणि पेन परत दिलं. ४ तारखेला त्यांच्या दारात उभा होतो, तेव्हाही मी फक्त तुझ्याबद्दल बोललो. माझ्याबद्दल बोलायला जीभ रेटली नाही. तुझं पत्र वाचलं आणि काल पुन्हा गेलो, या वेळी काही मागायला नाही. चुकलो म्हणालो. आणखीही बरंच पाठ केलं होतं, ते आठवलं नाही.

ते म्हणाले, "माफी ठेव बाजूला. चाचणी काय लावलीस ते सांग."

म्हणून ते सांगितलं, तुलाही सांगतो. सोमवारी बैठकीत मी उभा राहून सगळं कबूल केलं. आता प्रत्येक प्रतीच्या पहिल्या ओळीत साध्या शब्दांत लिहिलेलं असेल की ही कुठल्या व्हर्जनने काढली, अक्षरं कुठल्या पद्धतीची, उघडायला काय लागेल. जशीच्या तशी उचललेल्या प्रतीबरोबर आठवड्यातून एकदा यादी करून भरलेली खोकीही निघतील, कुठल्याही घरात उघडणारी. सहाही दुभाषे परत. आणि प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून, नोंदी मोजून, आकडा जुळल्याशिवाय टिकली हिरवी होणार नाही. पुढे कधी एखाद्या व्हर्जनचा आधार खरंच थांबवायची वेळ आली, तर प्रोग्राम आधी प्रत काढणं थांबवेल आणि लाल अक्षरांत ओरडेल. साहेबांनी सगळं मान्य केलं आणि एक समिती नेमली, म्हणजे मला ते गुपचूप लवकर करावं लागेल.

अशा आणखी दोनशे बारा जागा सापडल्या आहेत, जिथे टिकली हिरवी आणि प्रत मुकी. एकेकाला मी स्वतः फोन करतो आहे. बहुतेकजण शिव्या देतात. तुझ्याशी फोनवर बोलायची सवय आहे, म्हणून जड जात नाही.

पुराणपुरुषांना परत या म्हणालो. नाही म्हणाले. नऊ मशीन परत मांडलीस तर एकदा बघायला येईन, एवढंच. दोन मिळाली आहेत.

उद्या १८. कळव. रात्र होवो, पहाट होवो, कळव.

भाऊ


३० जुलै

प्रिय भावास,

१८ ला फोनवर सांगितलंच, तरी कागदावर असू दे. झडप बसली. बाई काल आमच्या दोन पायऱ्या चढून आत आल्या आणि टेबलाशी उभ्या राहून बोलल्या, मध्ये न थांबता. त्यांना ती शिवणकाम करणारी बाई कोण ते हवं होतं. नियमाने सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, मग एक चिठ्ठी तरी पोचवा. पोचवली.

नावं सगळी परत आली. काकांनी आठ म्हणून सांगितलेलं काम अकरा दिवसांत झालं, तुझ्या तक्रारीत तथ्य आहे. मी आता प्रत उघडायला शिकले आहे. दर सोमवारी उघडते, मोजते, आकडा वहीत लिहिते. तुझी टिकली सुधारेल तेव्हा सुधारेल.

परवा काका शेवटचं बघून घ्यायला आले, आणि काम झाल्यावर माझ्या नकळत खाली रक्तदानाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पाऊण तास. त्यांचा नंबर आला तेव्हा डॉक्टरीण बाईंनी अर्ज बघितला आणि वय विचारलं. अडुसष्ट. पासष्टच्या पुढे घेत नाही, असं त्यांनी अगदी अवघडून सांगितलं. मी तोवर धावत खाली पोचले होते. मला वाटलं काका मनाला लावून घेतील.

त्यांनी अर्जाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. म्हणाले, "जुन्या व्हर्जनचा आधार थांबवला आहे, असं म्हणा ना." डॉक्टरीण बाईंना काही कळलं नाही. मला कळलं आणि हसताही येईना. मग तेच म्हणाले, "नियम बरोबर आहे तुमचा. फक्त पाटी दारावर लावा. माणसाला रांगेत उभं राहायच्या आधी कळलं पाहिजे."

काल मी पाटी लावून घेतली. ते रविवारी जेवायला येणार आहेत, आईने बोलावलं आहे. त्यांच्या शेजारच्या पाटावर कोण बसणार असं तिने मला विचारलं, आणि मी तुझं नाव सांगितलं. त्यांना विचारूनच सांगितलं. म्हणाले, "येऊ दे."

ये.

तुझी ताई